डॉक्टर अँड्र्यू टेलर स्टिल

डॉ. अँड्र्यू टेलर स्टिल यांचा जन्म अमेरिकेतील व्हर्जिनिया प्रांतात ता. ६ ऑगस्ट १८२८ रोजी झाला. त्यांचे वडील अब्राम स्टिल हे मेथॉडिस्ट मंडळीचे उपदेशक असून वैद्यकीही करीत. पुढे कॅन्सस येथे शॉनी नावाच्या मूळ रहिवाशांमध्ये त्यांनी मिशनचे काम केले. अँड्र्यू यांनी बापाच्या हाताखाली राहूनच वैद्यकी शिकून घेतली. ते गुलामगिरीचे कट्टे विरोधक होते, आणि १८६१ साली यादवी युद्ध पेटल्यावर गुलामगिरीविरुद्धच्या पक्षाकडून लढले.

इ. स. १८६४ मध्ये त्यांच्या घरावर घोर संकट कोसळले. मेंदूच्या आवरणास सूज आणणाऱ्या तापाने त्यांची तीन मुले हिरावून नेली. वैद्यांनी शिकस्त केली, उपदेशकांनी प्रार्थना केली. परंतु त्या काळच्या औषधांचा काही उपयोग झाला नाही. त्या शोकातून स्टिल यांच्या मनात आपल्याच विद्येविषयी प्रश्न उभा राहिला.

ती औषधे तरी कोणती? पाऱ्याचे क्षार, अफू, अफूपासून काढलेले मॉर्फिन आणि दारू. वेदना शमविण्यासाठी म्हणून वैद्याने दिलेले औषध पुष्कळांच्या पायांतील बेडी होऊन बसे. युद्धातून घरी परतलेल्या अनेक शिपायांची हीच गत झाली. स्टिल यांचे सख्खे बंधू एडवर्ड हेही मॉर्फिनच्या आहारी गेले होते. स्टिल यांनी भावाकडे पाठ फिरविली नाही. ते मिसूरी प्रांतात मेकन गावी त्यांच्याजवळ जाऊन राहिले.

देवाने घडविलेल्या शरीरात आरोग्य राखण्याची शक्ती त्यानेच ठेवली आहे, असा स्टिल यांचा विश्वास होता. हाडे, विशेषतः पाठीचा कणा, जागच्या जागी बसविला म्हणजे रक्ताचा प्रवाह मोकळा होतो व शरीर आपणच सावरते, असे ते म्हणत. हे मत त्यांनी १८७४ साली जाहीर केले व पुढे त्यास ऑस्टिओपथी हे नाव दिले. ज्या बेकर विद्यापीठाच्या स्थापनेस त्यांच्या घराण्याने हातभार लावला होता, तेथेच त्यांस हे मत मांडण्याची परवानगी मिळाली नाही. हात लावून रोग बरे करणे हा प्रभूचा अधिकार, असे म्हणून काही धार्मिक लोकांनीही त्यांस दोष दिला. तरी ते डगमगले नाहीत. १८९२ साली कर्क्सव्हिल गावी त्यांनी आपली शाळा काढली व तीत आरंभापासून स्त्रियांनाही प्रवेश दिला. ता. १२ डिसेंबर १९१७ रोजी ८९ व्या वर्षी त्यांचे देहावसान झाले.

त्यांचे सर्वच म्हणणे काळाच्या कसोटीस उतरले नाही. औषधमात्राचा त्यांनी केलेला धिक्कार त्यांच्याच परंपरेने पुढे सोडून दिला. केवळ हातांच्या उपचाराने व्यसन सुटते असेही सिद्ध झालेले नाही. आज अमेरिकेत ह्या परंपरेचे डॉक्टर इतर डॉक्टरांप्रमाणेच व्यसनी माणसांवर औषधोपचार करतात, आणि त्याबरोबर त्याचे मन, घर व संगत यांचाही विचार करतात. रोग नव्हे तर संपूर्ण माणूस पाहावा, ही स्टिल यांची शिकवण मात्र टिकून राहिली.

प्रिय वाचकहो, आपल्या मंडळीतही दारूच्या पाशात सापडलेला एखादा बंधू असेल. त्याला पापी म्हणून वाळीत टाकणे सोपे आहे. परंतु चांगल्या शोमरोनीने जखमी माणसाजवळ थांबून त्याला उचलून नेले, हे आपण विसरू नये. फार दिवस पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडली तर कापरे भरते, झटके येतात, प्रसंगी जीवही जातो. म्हणून उपदेशकांनी त्याच्यासाठी प्रार्थना करावी, तसेच त्याच्या सोबत दवाखान्यापर्यंत चालतही जावे. भावाजवळ जाऊन राहणे हीसुद्धा सेवाच होय.