अभेद्य तटाबाहेरचा नवाब

मुरुडच्या किनाऱ्यालगतच्या उंचवट्यावर, नारळी-पोफळींच्या हिरवाईमागे नवाबांचा राजवाडा समुद्राकडे तोंड करून उभा आहे. जंजिरा किल्ला पाहायला येणारे हजारो पर्यटक या वास्तूकडे दुरूनच कौतुकाने पाहतात आणि पुढे निघून जातात. ती उभारणाऱ्या नवाब सर सिद्दी अहमदखान यांची कहाणी मात्र फारशी सांगितली जात नाही.

अहमदखान यांचा जन्म १८६२ चा. शिवाजी महाराज आणि संभाजी महाराज यांच्या प्रयत्नांनाही न बधलेला जंजिरा हा सिद्दींचा सर्वांत मोठा वारसा. परंतु अहमदखान लहान असतानाच त्या वारशाला ओहोटी लागली होती. राज्यकारभारातील गोंधळाचे निमित्त साधून इंग्रजांनी १८६९ मध्ये दरबाराचे फौजदारी अधिकार काढून घेतले व मुरुडला आपला अधिकारी बसवला. तोफांनी जे साधले नाही, ते करारमदारांनी साधले.

वडील इब्राहिमखान १८७९ मध्ये निवर्तले, तेव्हा अहमदखान अवघे सोळा वर्षांचे होते. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. १८८३ मध्ये कारभाराची सूत्रे हाती येताच त्यांनी मुरुडकडे लक्ष वळवले. १८८५ च्या सुमारास राजवाडा उभा राहिला. मोगली घुमट आणि गॉथिक धर्तीच्या टोकदार कमानी यांचा त्यात मिलाफ आहे. इंग्लंडमधील उमरावांच्या ग्रामीण हवेल्यांप्रमाणेच प्रशस्त आवार आणि मोकळा देखावा ही त्याची वैशिष्ट्ये. त्याला ना बुरूज, ना खंदक. रक्षणाची हमी आता दगडी तटाऐवजी इंग्रजी सत्तेची होती. सुमारे ३२४ चौरस मैलांच्या संस्थानाचा हा धनी १८९५ मध्ये 'सर' झाला.

वैभवाच्या या पटावर एक सल कायम राहिला. बेगम नाझली या मुंबईच्या तय्यबजी घराण्याशी नाते असलेल्या, सुशिक्षित आणि पडद्याबाहेर वावरणाऱ्या. १९०८ मध्ये नवाबांसह त्यांनी युरोपचा प्रवास केला व त्यावर उर्दूत पुस्तकही लिहिले. मात्र त्यांना अपत्य नव्हते आणि गादीला वारस हवा होता. अखेर हा दीर्घ संसार घटस्फोटाने संपला. दुसऱ्या बेगम कुलसूम यांना १९१४ मध्ये पुत्र झाला, तेच सिद्दी मुहम्मदखान.

१९२२ मध्ये अहमदखान पैगंबरवासी झाले. आठ वर्षांच्या वारसाच्या वतीने कुलसूम बेगम यांनी १९३३ पर्यंत कारभार पाहिला. ज्या वारसासाठी संसार मोडला, त्याच्याच कारकिर्दीत, १९४८ मध्ये, संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले.

राजवाडा आजही खासगी मालकीचा आहे. सर्वसामान्यांना तेथे प्रवेश नाही. ओस पडलेल्या किल्ल्यात गर्दी उसळते आणि मोकळेपणासाठी बांधलेल्या महालाचे दरवाजे मात्र बंद असतात.