जनरल बूथ आणि लंडनचे निराश्रित

1887 सालच्या डिसेंबरातील एका रात्री जनरल विल्यम बूथ केंट परगण्यातील व्हिटस्टेबल गावी मुक्तिफौजेच्या सभागृहाचे उद्‌घाटन करून लंडनला परतत होते. मध्यरात्र उलटून गेली होती. लंडन ब्रिज ओलांडताना पुलावरील आडोशाच्या जागांत, कडाक्याच्या थंडीत, दगडावरच निजलेली माणसे त्यांच्या दृष्टीस पडली. उरलेली रात्र त्यांनी तळमळत काढली.

सकाळी पुत्र ब्रॅमवेल भेटावयास येताच जनरलांनी त्यांना विचारले की, ही माणसे अशी उघड्यावर झोपतात हे त्यांस ठाऊक होते काय? ब्रॅमवेल यांना ते ठाऊक होते. फौजेने सगळ्याच गोष्टी अंगावर घेणे शक्य नाही, असे ते सुचवू लागले. पण ते ऐकून घेण्याची जनरलांची तयारी नव्हती. एखादे गोदाम मिळवा, ते उबदार करा, अंगावर घालावयास काहीतरी द्या. मात्र फाजील लाड नकोत, असा त्यांचा हुकूम झाला.

पिता-पुत्रांतील हा मतभेद समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. बूथ यांचा जन्म 10 एप्रिल 1829 रोजी नॉटिंगहॅमजवळील स्नाइंटन येथे झाला. वडिलांचा धंदा बुडाला आणि वयाच्या तेराव्या वर्षी विल्यमला गहाणवटीच्या दुकानात उमेदवारीस राहावे लागले. लग्नाची अंगठी, रविवारचा कोट, शेवटी अंथरूण-पांघरूणसुद्धा गहाण ठेवावयास येणारे लोक या मुलाने रोज पाहिले. पुढे तारणाचा अनुभव, मेथडिस्ट पंथातील सेवा, 1855 मध्ये कॅथरीन ममफर्ड यांच्याशी विवाह, 1865 मध्ये पूर्व लंडनमध्ये आरंभलेले मिशन आणि 1878 मध्ये त्याच मिशनचे झालेले मुक्तिफौज हे नामांतर, हा इतिहास वाचकांस परिचित आहे. 1870 नंतरच्या काही वर्षांत या मिशनने गरिबांसाठी स्वस्त भोजनाची दुकाने चालविली होती. त्यांचा कारभार तरुण ब्रॅमवेलकडे होता. ती दुकाने बंद करावी लागली आणि सारे बळ सुवार्ताप्रसाराकडे वळले. तेव्हा ब्रॅमवेल यांचा संकोच निष्ठुरपणाचा नव्हता. त्यांचे हात एकदा पोळले होते.

कोणी म्हणेल, इंग्लंडात तर निर्धनांसाठी कायदा होता, मग हे लोक पुलावर का? सरकारी वर्कहाउसमध्ये रात्रीच्या आसऱ्याची सोय होती हे खरे. पण 1882 च्या कायद्याने तेथे शिरलेल्या माणसास साधारणतः दोन रात्री अडकवून ठेवीत आणि मोबदल्यात दगड फोडण्याचे किंवा जुने दोरखंड उसविण्याचे काम करून घेत. गोदीतील रोजंदारी तर पहाटे मिळे. आत राहावे तर काम बुडते, बाहेर राहावे तर थंडीने मरण. खाजगी वसतिगृहात खाटेस साधारण चार पेन्स पडत, आणि ते नसणाऱ्यास पुलाखेरीज जागा नव्हती. आळस हेच बेघरपणाचे कारण मानणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

फेब्रुवारी 1888 मध्ये पूर्व लंडनच्या लाइमहाउस भागात, वेस्ट इंडिया डॉक रोडवर, मुक्तिफौजेचे पहिले भोजन व निवारा केंद्र उघडले. मुलांना एका फार्दिंगला आणि मोठ्यांना अर्ध्या पेनीला वाडगाभर सूप मिळे. लवकरच अशी आणखी केंद्रे निघाली. चार पेन्समध्ये रात्रीचे जेवण, झोपावयास जागा व सकाळची न्याहारी मिळे. झोपण्यासाठी लाकडी पेट्यांच्या रांगा असत. त्यांत मेणकापडाची गादी आणि वर चामड्याचे पांघरूण. पेट्या शवपेटीसारख्या दिसत, म्हणून पुष्कळांनी नाके मुरडली. पण मेणकापड पुसता येते, त्यात उवा-पिसवा राहत नाहीत आणि चामडे ऊब धरून ठेवते. पैसे घेण्यावरही टीका झाली. बूथ यांचे मत असे की, थोडेसे का होईना, मोल देणाऱ्याची मान ताठ राहते. मला हे मत अर्धेच पटते. कारण ज्याच्याजवळ चार पेन्सही नाहीत त्याची मान कोणी सांभाळावी? पैसे नसणाऱ्यास कामाच्या मोबदल्यात आसरा देण्याची व्यवस्था त्यांनी पुढे केली, हेही येथे सांगितले पाहिजे.

ज्या महिन्यात लाइमहाउसचे दार उघडले त्याच महिन्यात कॅथरीनबाईंना कर्करोग असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. पुढील दोन-अडीच वर्षे पत्नीच्या रुग्णशय्येशेजारी बसूनच जनरलांनी इंग्लंडच्या अंधकाराविषयीचा आपला प्रसिद्ध ग्रंथ सिद्ध केला. पत्रकार डब्ल्यू. टी. स्टेड यांचे त्यास मोठे साह्य झाले. 4 ऑक्टोबर 1890 रोजी कॅथरीनबाई प्रभूमध्ये निद्रिस्त झाल्या आणि त्याच महिन्यात ग्रंथ प्रकाशित झाला. थेम्सकाठ व कॉव्हेंट गार्डन बाजार येथे एका रात्री प्रत्यक्ष मोजलेल्या 368 निराश्रितांचा आकडा त्यात आहे. भाड्याच्या गाडीचा घोडा रस्त्यात पडला तर त्याला उठवतात, त्याला चारा, तबेला व काम असते. माणसाला निदान एवढे तरी मिळावे, हे त्यांचे मागणे होते. योजनेसाठी मागितलेले एक लाख पौंड काही महिन्यांतच जमले. शास्त्रज्ञ हक्स्ली यांनी मात्र वृत्तपत्रांतून कडाडून विरोध केला.

यशया 58:7 मधील आज्ञेचे भाषांतर करताना एक गोष्ट ध्यानात येते. तेथे मूळ इब्री क्रियापद निराश्रितास घरात आणण्याचे आहे. भाकरी दाराबाहेर देऊन ती आज्ञा पुरी होत नाही. बूथ इब्री भाषेचे पंडित नव्हते, पण त्या क्रियापदाचा अर्थ त्यांना उमगला होता.

भारतात मुक्तिफौज 1882 मध्येच मुंबईस उतरली होती. सनदी नोकरी सोडून आलेले फ्रेडरिक टकर पुढे जनरलांचे जावई झाले. स्वतः जनरल 1891 च्या अखेरीस या देशात आले. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, येथील मुक्तिफौजेच्या रुग्णालयास त्यांच्या इव्हँजेलीन या कन्येचे नाव आहे.

वृद्धपणी त्यांची दृष्टी गेली. 20 ऑगस्ट 1912 रोजी ते निवर्तले. पूर्व लंडनमधील क्लॅप्टनच्या सभागृहात ठेवलेल्या देहाच्या दर्शनास लाखाहून अधिक लोक आले. अॅबनी पार्कच्या दफनभूमीत कॅथरीनबाईंच्या शेजारी त्यांना मूठमाती देण्यात आली.