रेव्हरंड ना. वा. टिळक : स्वतःच्या मनाशी लढलेला कवी



रेव्हरंड नारायण वामन टिळक हे नाव मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाच्या कानावरून गेलेलं असतं. घायाळ पक्षिणीवरची 'केवढे हे क्रौर्य' ही त्यांची कविता वाचून किती पिढ्यांचे डोळे ओले झाले असतील! त्यांना 'फुलामुलांचे कवी' म्हणतात. पण इतकं हळवं मन असलेला हा माणूस स्वभावाने भयंकर तापट होता, हे तुम्हाला माहीत आहे का? त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांनी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात हे काहीच न लपवता लिहून ठेवलं आहे. आज आपण टिळकांचं चरित्र याच बाजूने पाहणार आहोत. मनात मोह आणि राग उठतो तेव्हा त्याच्याशी कसं लढावं, हे ख्रिस्ती धर्म काय शिकवतो आणि टिळक ते कसं जगले, हा आजच्या पाठाचा विषय आहे.

बालपण आणि भटकंती

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. वडील वामनराव अतिशय कडक होते. आई जानकीबाई प्रेमळ होती आणि तिला कवितेची आवड होती. आई लवकर गेली. घरात मायेचं माणूस उरलं नाही आणि नारायण घर सोडून नाशिकला आला. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे तो संस्कृत शिकला. 1880 मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलीशी त्याचं लग्न झालं. याच पुढे आपल्या लक्ष्मीबाई.

लग्नानंतरही टिळकांचा पाय एका जागी ठरला नाही. कधी शिक्षकाची नोकरी, कधी कीर्तन, कधी लेखन असं चालू होतं. राग आला की घर सोडून निघून जायचे. कुठे गेले, कधी येणार, काही पत्ता नसायचा. राग उतरला की पुन्हा तेच प्रेमळ टिळक! कोणी मागितलं तर हातातलं सगळं देऊन टाकायचे. घरात काय शिजणार, याचा विचार मनात येत नसे. मन मोठं होतं, पण मनाला लगाम नव्हता.

रेल्वेतली भेट

1893 च्या सुमारास टिळक नागपूरकडून राजनांदगावला रेल्वेने चालले होते. डब्यात एका युरोपियन गृहस्थाशी त्यांच्या गप्पा झाल्या. त्या गृहस्थाने त्यांना नवा करार भेट दिला. टिळकांनी तो वाचायला घेतला आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले. धर्माबद्दलच्या आपल्या प्रश्नांची उत्तरं त्यांना तिथे सापडली.

वाचकहो, त्या प्रवचनात काय आहे हे आपण थोडं समजून घेऊ. येशू तिथे सांगतो की खून करणं हा गुन्हा आहेच, पण भावाविषयी मनात राग धरणारासुद्धा न्यायाला पात्र ठरतो. म्हणजे पाप हात उचलण्याच्या आधीच, मनात सुरू होतं. त्याच प्रवचनात शत्रूवर प्रेम करायला सांगितलं आहे. उद्याच्या अन्नवस्त्राची चिंता करू नका, असंही सांगितलं आहे. आणि जी प्रार्थना शिकवली आहे, तिच्यात मोहात पडू नये म्हणून देवाकडे मागणं आहे.

आता विचार करा, हे वाचणारा माणूस कोण? ज्याचा राग त्याच्या ताब्यात नाही, असा माणूस! इथून पुढचं टिळकांचं आयुष्य म्हणजे या एकाच प्रवचनाची परीक्षा आहे, असं म्हटलं तरी चालेल.

बाप्तिस्मा आणि मोडलेलं घर

10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. घरात हाहाकार उडाला. लक्ष्मीबाईंना हे दुःख सहन होईना. लहान दत्तूला घेऊन त्या माहेरच्या माणसांकडे राहिल्या. हा वियोग चार-पाच वर्षं चालला. टिळक अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करू लागले. बायको नाही, मुलगा नाही, आणि जातीची दारं बंद.

अशा वेळी कोणत्याही माणसाच्या मनात काय येईल? माघारी फिरावं. नाहीतर ज्यांनी वाळीत टाकलं त्यांचा द्वेष करावा. नाहीतर नवऱ्याचा हक्क सांगून बायकोला ओढून आणावं. त्या काळात असा हक्क सांगणं फार अवघड नव्हतं. पण तापट टिळकांनी इथे वेगळं केलं. ते आपल्या श्रद्धेवरून मागे हटले नाहीत आणि पत्नीवर धर्म लादलाही नाही. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे आल्या, तेव्हाही त्या आपलं सोवळंओवळं पाळत आणि स्वयंपाक वेगळा करत. टिळकांनी ते चालू दिलं. हळूहळू लक्ष्मीबाईंचं मन त्यांचं त्यांनाच बदलत गेलं आणि 1900 मध्ये त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. जो माणूस क्षुल्लक कारणाने भडकायचा, तो या मोठ्या गोष्टीत वर्षानुवर्षं थांबू शकला!

धर्म बदलला, स्वभाव नाही

म्हणजे बाप्तिस्मा घेतला आणि टिळक एका दिवसात शांत झाले का? अजिबात नाही. त्यांचा राग पुढेही होता, विसरभोळेपणा होता, पैशाची उधळमाधळ होती. लक्ष्मीबाई ते सगळं हसत हसत सांगतात.

इथेच ख्रिस्ती शिकवणीतला महत्त्वाचा मुद्दा येतो. मोह येणं हे पाप नाही. बायबलनुसार येशूलाही चाळीस दिवसांच्या उपवासानंतर रानात मोह पडला. सैतानाने आधी भुकेल्या येशूला दगडाच्या भाकरी करायला सांगितलं. मग मंदिराच्या टोकावरून उडी मारायला सांगितलं. शेवटी आपल्याला नमन केलंस तर जगातली सगळी राज्यं देतो म्हणाला. भाकरी, चमत्कार आणि सत्ता! येशूने तिन्ही वेळा शास्त्रवचनाचा आधार घेऊन नकार दिला. संत पौलानेही रोमकरांस लिहिलेल्या पत्रात कबूल केलं आहे की जे चांगलं करायचं ते आपल्या हातून होत नाही, आणि जे नको तेच होतं. म्हणजे ही लढाई संतांनाही चुकली नाही. आपल्या तुकोबांच्या अभंगांतही मनाशी चाललेलं रात्रंदिवसाचं हे युद्ध आहेच. टिळक तर तुकारामांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो असं मानायचे. म्हणूनच त्यांनी ख्रिस्ती भक्तीला अभंग आणि भजनाचं रूप दिलं. त्यांची पदं मराठी चर्चमध्ये आजही गायली जातात.

शेवटची परीक्षा

1904 मध्ये टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. 1912 पासून ते 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी विभागाचं संपादन पाहू लागले. नाव झालं, मान मिळाला, मिशनचा पगार चालू होता. बालकवी ठोंबरे यांच्यासारखा तरुण कवी त्यांच्या घरी मुलासारखा राहिला. त्याला कोणी धर्म बदलायला लावला नाही.

आता मोह वेगळ्या रूपात समोर होता. स्थिरतेचा मोह! हा ओळखायला सगळ्यात अवघड, कारण यात वाईट असं काहीच दिसत नाही. 1917 मध्ये, वयाच्या 55 व्या वर्षी, टिळकांनी मिशनचा पगार सोडला. साताऱ्याला राहून त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. उद्याची चिंता करू नका, हे वाचलेलं वाक्य आता स्वतःच्या चुलीवर तपासून पाहायचं होतं. त्यानंतर त्यांना जेमतेम दोन वर्षं मिळाली. 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरं राहिलं. ते पुढे नेलं लक्ष्मीबाईंनी, ज्यांना एकेकाळी त्यांच्या धर्मांतराने रडवलं होतं!

या चरित्रातून काय घ्यावे?

मित्रांनो, जाफराबाद तालुक्यातल्या एखाद्या शाळेतलं मूल असो की मोठा माणूस, मनातली ही लढाई सगळ्यांना आहे. कबड्डीत हरल्यावर उठणारा हात, परीक्षेत शेजाऱ्याच्या पेपरकडे वळणारी नजर, अभ्यासाच्या वेळी मोबाइलकडे जाणारं बोट. टिळकांच्या आयुष्यातून आपल्याला चार गोष्टी घेता येतील.

1. मनात वाईट विचार आला म्हणजे आपण वाईट झालो, असं नाही. त्याला हो म्हणायचं की नाही, हे आपल्या हातात असतं.
2. शत्रू बाहेर शोधण्याआधी मनात पाहावं. राग तिथेच जन्मतो.
3. आपलं मत कितीही खरं वाटलं तरी ते दुसऱ्यावर, घरच्यांवरसुद्धा, लादू नये.
4. एकदा जिंकलो म्हणून लढाई संपत नाही आणि एकदा हरलो म्हणूनही संपत नाही.

टिळक काही रागावर कायमचा विजय मिळवलेले महात्मा नव्हते. पण कसोटीच्या क्षणी त्यांनी रागाच्या हाती लगाम दिला नाही. मुलांना टिळकांची कविता शिकवाल, तेव्हा हे टिळकही त्यांना जरूर सांगा. कविता पाठ करायला एक दिवस पुरतो, मन मात्र रोज सांभाळावं लागतं.