मुरुडच्या कर्व्यांचं विद्यापीठ: पदवीला सरकारी मान्यता नव्हती, तरी मुली शिकल्या

रत्नागिरी : बारावीचा निकाल लागला की कुठलं कॉलेज, कुठली शाखा, पदवी चालेल की नाही, हीच चर्चा घराघरांत असते. आपल्याच जिल्ह्यातल्या एका माणसाने हा प्रश्न मुलींसाठी सोडवायला घेतला, तेव्हा मुलींनी शिकावं की नाही यावरच वाद चालू होता. ते म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे.

जन्म १८ एप्रिल १८५८, खेड तालुक्यातल्या शेरवलीत, आजोळी. वाढले दापोली तालुक्यातल्या मुरुडला. घरची परिस्थिती बेताची. १८७५ साली सहावीची सरकारी परीक्षा द्यायला ते सोबत्यांबरोबर घाट चढून पायी साताऱ्याला गेले. शंभर मैलांच्या वरची वाट. तिथे पोचल्यावर, वय पुरेसं दिसत नाही म्हणून परीक्षेलाच बसू दिलं नाही. वय भरलं होतं, पण अंगकाठी लहान. आल्या पावली परत! परीक्षा पुढे कोल्हापूरला पास झाले. मॅट्रिक व्हायला १८८१ उजाडलं, म्हणजे तेविसावं वर्ष. मग मुंबईत शिकवण्या करत एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ साली गणित घेऊन बी. ए. झाले. १८९१ पासून पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक.

पहिली पत्नी राधाबाई वारल्यावर १८९३ साली त्यांनी देवरुखच्या जोशी घराण्यातल्या गोदूबाई या विधवा मुलीशी लग्न केलं. त्याच पुढे आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे. मुरुडकरांनी बहिष्कार टाकला. आईलाही लेकाबरोबर राहायची चोरी झाली. कर्वे भांडत बसले नाहीत. १८९६ साली विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला आणि तो पुण्याजवळ हिंगण्याला नेला. तेव्हा हिंगणं म्हणजे माळरान. पुण्यातली नोकरी आटोपून ते तिथे पायी जात.

फर्ग्युसनमधून निवृत्त झाल्यावर जपानच्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका टपालाने त्यांच्या हाती आली. ती वाचून विचार पक्का झाला, की मुलींसाठी वेगळं विद्यापीठ काढायचं. १९१६ साली ते सुरू झालं. कॉलेजात मुली किती? पाच.

खरी गोष्ट पुढे आहे. मुंबई विद्यापीठात सगळं इंग्रजीतून. कर्व्यांनी शिकवण्याची भाषा मातृभाषा ठेवली, इंग्रजी मात्र एक विषय म्हणून सक्तीचं. सोबत आरोग्य, गृहशास्त्र, बालमानस असे विषय घातले. टीका दोन्हीकडून झाली. जुन्या लोकांना मुलींचं कॉलेजच नको होतं, आणि सुधारकांतल्या काहींना वाटे की हा अभ्यास पुरुषांपेक्षा हलका आहे, बायका मागेच राहतील. हा आक्षेप खोटा म्हणून उडवून लावण्यासारखा नव्हता. कर्व्यांचा हिशोब वेगळा होता. ज्या मुलीला इंग्रजीमुळे कॉलेजचा उंबराच ओलांडता येत नाही, तिचं काय? जिला पुरुषांच्या बरोबरीने तोच अभ्यास झेपतो, तिला मुंबई विद्यापीठ उघडं होतंच.

पदवीचं नाव गृहीतागमा. सरकारची तिला मान्यता नाही. म्हणजे सरकारी नोकरीच्या दृष्टीने कागद बिनकामाचा, हे बापालाही ठाऊक आणि मुलीलाही. तरीही बाप मुली पाठवत राहिले. पहिले कुलगुरू झाले कर्व्यांच्याच नात्यातले, मुर्डीचे रँग्लर र. पु. परांजपे, जे १८९९ साली केंब्रिजच्या गणितात पहिले आले होते. एवढ्याशा कॉलेजाला असा कुलगुरू!

पैसा मात्र नव्हता. कर्वे गावोगाव फिरून वर्गणी गोळा करत, एक-दोन रुपयेही घेत. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या आईचं नाव विद्यापीठाला लागलं. आजचं एसएनडीटी ते हेच. तरीही सत्तरी ओलांडल्यावर कर्वे विद्यापीठासाठी युरोप, अमेरिका, जपान फिरले, मग आफ्रिकेत गेले. कायद्याने मान्यता मिळाली ती स्वातंत्र्यानंतर, १९५१ साली. पस्तीस वर्षं गेली.

मधे १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळा नाही तिथे प्राथमिक शाळा काढायला त्यांनी आणखी एक मंडळ उभं केलं, आणि पुन्हा वर्गणीला निघाले. १९५८ साली शंभरी गाठली त्याच वर्षी भारतरत्न मिळालं. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात ते गेले, तेव्हा वय १०४ होतं.