दिल्लीला पक्षी पाहायला शिकवणारे होरेस अलेक्झांडर

हिवाळ्यातील रविवारी, धुके पुरते विरलेले नसताना, यमुनेवरील ओखला बंधाऱ्यापाशी किंवा गुरुग्रामजवळच्या सुलतानपूर तलावाकाठी गळ्यात दुर्बीण अडकवलेली माणसे जमू लागतात. पक्षीनिरीक्षणाच्या सामूहिक सहली ही आता राजधानी परिसरातील रूढ गोष्ट झाली आहे. या छंदाला दिल्लीत संघटित रूप मिळाले ते १९५० मध्ये, दिल्ली बर्ड वॉचिंग सोसायटी या संस्थेच्या स्थापनेने. तिच्या संस्थापकांत अग्रभागी होते होरेस गंड्री अलेक्झांडर. स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात त्यांचा उल्लेख महात्मा गांधींचे इंग्रज स्नेही म्हणून येतो, तर पक्षीशास्त्राच्या ग्रंथांत अवघड पक्षी अचूक ओळखणारा निरीक्षक म्हणून. या दोन ओळखी सहसा स्वतंत्रपणे सांगितल्या जातात. प्रत्यक्षात त्या एकाच स्वभावाच्या होत्या.

अलेक्झांडर यांचा जन्म १८ एप्रिल १८८९ रोजी इंग्लंडमधील क्रॉयडन येथे एका क्वेकर कुटुंबात झाला. कोणत्याही कारणासाठी शस्त्र हाती न घेणे, हे या ख्रिस्ती पंथाचे मूलतत्त्व. वडील जोसेफ गंड्री अलेक्झांडर व्यवसायाने वकील होते. हिंदुस्थानात पिकवून चीनमध्ये खपवल्या जाणाऱ्या अफूच्या व्यापाराविरुद्ध त्यांनी आयुष्यातील अनेक वर्षे वेचली. आपल्याच देशाचे सरकार चुकत असेल तर ते शांतपणे, पण न थकता सांगत राहावे, ही शिकवण होरेस यांना घरातूनच मिळाली.

पक्ष्यांचे वेडही घरातलेच. विल्फ्रेड, ख्रिस्तोफर आणि होरेस हे तिघेही भाऊ पक्षीनिरीक्षक झाले. विल्फ्रेड यांनी पुढे सागरी पक्ष्यांवर ग्रंथ लिहिला आणि ऑक्सफर्ड येथील पक्षीविषयक ग्रंथालयाला त्यांचेच नाव देण्यात आले. ख्रिस्तोफर आणि होरेस यांनी १९०९ मध्ये, म्हणजे होरेस अवघे वीस वर्षांचे असताना, एक निबंध प्रसिद्ध केला. उन्हाळ्यात वीण करण्यासाठी येणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यांच्या जागा नकाशावर कशा नोंदवाव्यात, याची पद्धत त्यात मांडली होती. एका परिसरात पुन्हा पुन्हा जायचे, गाणारा प्रत्येक नर नकाशावर टिपायचा आणि त्या खुणांवरून किती जोड्या आहेत हे ठरवायचे, अशी ही रीत. पुढे पक्षीगणनेत सर्वत्र रूढ झालेल्या पद्धतीची ही सुरुवातीची पावले होत.

केंब्रिजच्या किंग्ज महाविद्यालयातून इतिहासाची पदवी घेऊन अलेक्झांडर बाहेर पडले आणि दोनच वर्षांत पहिले महायुद्ध सुरू झाले. त्यांनी सैन्यात जाण्यास नकार दिला. शिक्षकी पत्करण्याच्या अटीवर त्यांना लष्करी सेवेतून सूट मिळाली. भाऊ ख्रिस्तोफर मात्र सैन्यात दाखल झाले आणि १९१७ च्या ऑक्टोबरमध्ये फ्लँडर्सच्या रणभूमीवर मरण पावले. नकाशावर पक्ष्यांच्या खुणा करणाऱ्या दोघा भावांपैकी एकटे होरेस मागे राहिले. १९१८ मध्ये त्यांचा ऑलिव्ह ग्रॅहम यांच्याशी विवाह झाला आणि त्यानंतर बर्मिंगहॅममधील वुडब्रुक या क्वेकर शिक्षणसंस्थेत ते आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय शिकवू लागले.

भारताशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध आला तो १९२७ मध्ये. वडिलांच्या कार्याचा धागा धरून अफूच्या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी ते पूर्वेकडे निघाले होते. १९२८ च्या मार्चमध्ये साबरमती आश्रमात त्यांची गांधीजींशी भेट झाली. ही ओळख पुढे वीस वर्षे टिकली. १९३० मध्ये सविनय कायदेभंग ऐन भरात असताना, व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन आणि गांधीजी यांच्यात बोलणी व्हावीत यासाठी क्वेकर मंडळींनी अलेक्झांडर यांना भारतात पाठवले. १९३१ मध्ये दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी गांधीजी इंग्लंडला गेले, तेव्हा त्यांना साहाय्य करणाऱ्यांत अलेक्झांडर होते. वुडब्रुकमध्येही त्यांनी गांधीजींचे स्वागत केले. दोन्ही बाजूंना एकमेकांचे म्हणणे समजावून सांगणारा मध्यस्थ, अशी त्यांची भूमिका राहिली. मध्यस्थाच्या वाट्याला यश क्वचितच येते आणि श्रेय त्याहूनही क्वचित. अलेक्झांडर यांचा अनुभव याहून फारसा वेगळा नव्हता.

१९४२ हे वर्ष त्यांच्यासाठी कठीण ठरले. पत्नी ऑलिव्ह यांचे त्याच वर्षी निधन झाले. त्याच वर्षी क्वेकरांच्या रुग्णवाहिका पथकाबरोबर ते पुन्हा भारतात आले. छोडो भारत आंदोलनाच्या पूर्वसंध्येला, सहकारी रिचर्ड सिमंड्स यांच्यासह ते वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात गांधीजींना भेटले. काही आठवड्यांतच गांधीजी तुरुंगात गेले. ऑक्टोबरमध्ये बंगालच्या मेदिनीपूर जिल्ह्याला भीषण चक्रीवादळाने झोडपले आणि पाठोपाठ १९४३ चा दुष्काळ आला. मूळ योजना हवाई हल्ल्यांतील जखमींच्या मदतीची होती; पथकाला मात्र भुकेल्यांच्या मदतीसाठी झटावे लागले.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी दिल्ली स्वातंत्र्याचा सोहळा साजरा करत होती, तेव्हा गांधीजी कोलकात्यातील बेलियाघाटा भागातल्या हैदरी मंझिलमध्ये होते. अलेक्झांडर त्यांच्यासोबत होते. त्या शहरात काही काळ तरी शांतता नांदली. पंजाबात ती नांदली नाही. अलेक्झांडर आणि सिमंड्स यांनी त्यानंतर पंजाबमध्ये निर्वासितांच्या स्थलांतराचे निरीक्षक म्हणून काम केले. दोन्ही देशांच्या सरकारांचा विश्वास असलेली माणसे त्या दिवसांत मोजकीच होती.

हे सारे पाहून आलेला, साठीला टेकलेला हा गृहस्थ दिल्लीत पक्षीनिरीक्षकांची संस्था काढतो, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. त्या काळातील दिल्ली डोळ्यांसमोर आणली तर ही गोष्ट अधिक लक्षणीय ठरते. १९४१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या नऊ लाखांच्या आसपास होती. १९५१ मध्ये ती सतरा लाखांवर गेली. पुराना किल्ला आणि हुमायूनची कबर ही आज पर्यटकांची ठिकाणे आहेत. १९४७ मध्ये तेथे निर्वासितांच्या छावण्या होत्या. मोकळ्या माळांवर नव्या वसाहती उभ्या राहत होत्या. अशा शहरात अलेक्झांडर सकाळी बाहेर पडत आणि टिपणवहीत नोंदी करत.

त्यांना नोंदींसाठी जागा तरी उत्तम लाभली होती. अरवलीची डोंगररांग दिल्लीत येऊन संपते. तिच्यावरील काटेरी झुडपांचे रान शहरात रिज या नावाने ओळखले जाते. क्वेकरांचे केंद्र असलेला राजपूर रोड या रिजला लागूनच आहे. दुसऱ्या बाजूला यमुनेचे पात्र, तिची दलदल आणि पूरमैदाने. कोरडे रान आणि पाणथळ भूमी अशी हाकेच्या अंतरावर असल्याने दोन्हीकडचे पक्षी येथे भेटतात. त्यात हिवाळ्यात मध्य आशिया आणि सैबेरियातून येणारी बदके, चक्रवाक, पट्टकदंब हंस आणि हिमालयातून खाली उतरणारे लहान पक्षी यांची भर पडते.

या लहान पक्ष्यांतच अलेक्झांडर यांचे मन विशेष रमले. पर्णवटवट्या या नावाने ओळखले जाणारे हे पक्षी चिमणीहूनही लहान असतात. रंग हिरवट किंवा तपकिरी, पोटाकडे फिकट, भुवईसारखी एक पुसट रेघ आणि क्षणभरही एका जागी न थांबण्याची खोड. एक जात दुसरीपासून वेगळी काढायची तर पायांचा रंग, पंखावर आडवी पट्टी आहे की नाही, शेपूट हलवण्याची ढब आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आवाज, यांवर भिस्त ठेवावी लागते. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये गिल्बर्ट व्हाइट यांनी एकसारख्या दिसणाऱ्या अशा तीन जाती गाण्यावरून वेगळ्या ओळखल्या होत्या. अलेक्झांडर त्याच परंपरेतले. जुन्या पिढीतील पक्षीतज्ज्ञ असा पक्षी बंदुकीने टिपून, हातात घेऊन त्याची ओळख पटवत. अलेक्झांडर यांनी कान आणि दुर्बीण यांवरच विसंबायचे ठरवले होते. काश्मीरमधील पर्णवटवट्यांवरील त्यांची टिपणे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात १९५० मध्ये प्रसिद्ध झाली. इंग्लंडमध्ये वसंताची वर्दी देणाऱ्या चिफचॅफ या पक्ष्याचे सैबेरियन भाऊबंद हिवाळ्यात दिल्लीच्या बाभळींवर मोठ्या संख्येने दिसतात. बालपणापासून परिचित असलेली जात त्यांना इथे, वेगळ्या आवाजात, पुन्हा भेटत होती.

बंदुकीऐवजी दुर्बीण, हा फरक त्या काळात लहान नव्हता. दिल्लीच्या आसपासच्या पाणथळ जागांची ख्याती तोवर मुख्यतः शिकारीसाठी होती. दिल्लीहून सुमारे १८० किलोमीटरवरील भरतपूर येथे १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्यासाठी योजलेल्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. हा आकडा तेथील दगडी फलकावर आजही वाचता येतो. बारा वर्षांनंतर त्याच प्रदेशात काही माणसे पक्षी नुसते मोजून, त्यांची नावे लिहून घरी परतू लागली.

संस्थेच्या स्थापनेत अलेक्झांडर यांना साथ दिली ती भारतीय लष्करातील प्रमुख अभियंता हॅरोल्ड विल्यम्स यांनी. सुरुवातीच्या सदस्यांत इंदिरा गांधी होत्या. वडिलांनी तुरुंगातून पाठवलेल्या सालिम अली यांच्या पुस्तकामुळे त्यांना पक्ष्यांची गोडी लागली होती. संस्थेचा परीघ मर्यादित होता, हेही नमूद करायला हवे. परदेशी वकिलातींतील अधिकारी, सनदी व लष्करी अधिकारी आणि इंग्रजी जाणणारे मोजके नागरिक एवढाच तिचा आवाका. सामान्य दिल्लीकरापर्यंत हा छंद पोहोचायला आणखी काही दशके लागली.

पण या लहानशा मंडळींनी नोंदी नेटाने ठेवल्या. मेजर जनरल हटसन यांनी युद्धकाळात दिल्लीत केलेल्या निरीक्षणांवर आधारित पुस्तक संस्थेने १९५४ मध्ये प्रसिद्ध केले. उषा गांगुली यांनी वर्षानुवर्षे केलेल्या भ्रमंतीतून दिल्ली परिसरातील पक्ष्यांची मार्गदर्शिका सिद्ध केली; १९७५ मध्ये ती भारतीय कृषी संशोधन परिषदेने काढली, तेव्हा लेखिका हयात नव्हत्या. सुलतानपूरच्या तलावावर सदस्यांचा राबता होता. पत्रकार पीटर जॅक्सन यांनी त्याच्या संरक्षणाचा आग्रह पंतप्रधान इंदिरा गांधींकडे धरला आणि १९७१ मध्ये तेथे अभयारण्य झाले. पुढे ते राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०२१ मध्ये रामसर यादीत दाखल झाले.

सर्वच जागा वाचल्या नाहीत. १९६४ च्या पुरानंतर नजफगढचा विस्तीर्ण तलाव नाला रुंद करून उपसला गेला. जुन्या याद्यांत नेहमीचा पक्षी म्हणून नोंदलेली गिधाडे, जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधामुळे १९९० च्या दशकात देशभर झपाट्याने नाहीशी झाली. त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली ती २००६ मध्ये. शहराने काय गमावले, हे आज नेमके सांगता येते ते त्या काळातील टिपणवह्यांमुळे.

अलेक्झांडर स्वतः १९५० च्या दशकात मायदेशी परतले. १९५८ मध्ये त्यांनी रिबेका ब्रॅडबीर या अमेरिकन क्वेकर महिलेशी विवाह केला आणि त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी ते पेनसिल्व्हेनियात स्थायिक झाले. १९६९ मध्ये गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात त्यांचे गांधीचरित्र आले आणि १९७४ मध्ये पक्षीनिरीक्षणाच्या सत्तर वर्षांच्या आठवणी. भारत सरकारने १९८४ मध्ये त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले. ३० सप्टेंबर १९८९ रोजी, वयाची शंभर वर्षे पूर्ण झाल्यानंतर पाच महिन्यांनी, त्यांचे निधन झाले. विल्फ्रेड आणि ख्रिस्तोफर दोघेही त्याआधीच गेले होते. दिल्लीच्या रिजवर त्या सुमारास पर्णवटवट्यांचे पहिले थवे हिमालयातून उतरू लागतात.