लक्ष्मीबाई टिळक यांचे सोवळे

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकनजीक जलालपूर येथे झाला. १८५७ च्या धामधुमीत सासऱ्यांस फाशी झाली, त्याचा धसका वडिलांनी घेतला. सोवळे इतके वाढले की, घरात आलेले मीठ व साखरही धुतली जाई! तोच विटाळाचा धाक मुलीच्याही अंगी भिनला. पती, कवी नारायण वामन टिळक, १८९५ साली ख्रिस्ती झाले. पुढे त्या त्यांजकडे परतल्या, तरी चूल व पाणी निराळेच. परंतु ही किळस देवाने दिली की माणसांनी शिकविली, याचा विचार त्यांनी स्वतःच चालविला. जातिभेद मनुष्यनिर्मित आहे असे पटताच त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचे ठरविले. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. हा क्रम आम्हांस विशेष वाटतो. पुढे त्यांच्या घरी कित्येक अनाथ मुले वाढली.