स्वामिनिष्ठ वकील रंगो बापूजी

साताऱ्याच्या गादीसाठी विलायतेत झगडलेल्या रंगो बापूजी गुप्ते यांचे स्मरण आपण करवीरकर भगिनींनीही ठेवावे. कारण सातारा व कोल्हापूर ह्या दोन्ही गाद्या शिवछत्रपतींच्याच वंशाच्या.

1839 साली कंपनी सरकारने प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीस धाडले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी लंडनला गेले. कंपनीच्या भागीदारांपुढे व पार्लमेंटच्या दारी त्यांनी दाद मागितली. जोसेफ ह्यूम, जॉर्ज टॉम्सन यांसारखे इंग्रजही महाराजांची बाजू घेऊन बोलले. पण 1847 साली महाराज काशीसच निवर्तले आणि 1848 साली राज्य खालसा झाले. पैका सरला, कर्ज झाले. तरी ह्या वकिलाने धीर सोडला नाही. जवळजवळ 14 वर्षांनी, 1853 साली, ते रिकाम्या हाताने परतले.

1857 साली साताऱ्यात उठावाचा कट फुटला. 31 जुलैस आपल्या कोल्हापुरातही 27 वी पलटण उठली. रंगो बापूजी निसटले, ते सरकारच्या हाती कधीच लागले नाहीत. पुत्र सीताराम यांना मात्र 8 सप्टेंबरला साताऱ्यास देहान्त शिक्षा झाली. आधी वर्षानुवर्षे वाट पाहणे आणि शेवटी हा घाव! स्वामिनिष्ठेचे मोल घरच्या माणसांनीही असे मोजले. त्या घरासही आपले वंदन असो.